ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा आणि 43 वर गेली की धोका, हे कोल्हापुरातल्या शाळकरी पोरांनाही पाठ असते. पाणी उतरू लागले की जीव भांड्यात पडतो. तापाचेही आपण असेच धरतो. पारा चढला की घाबरायचे, उतरला की निश्चिंत व्हायचे. पावसाळ्यात ही सवय जिवावर बेतू शकते.

डेंग्यूचेच पाहा. पहिले काही दिवस ताप चांगलाच चढतो, डोळ्यांच्या मागे ठणकते, अंग मोडून येते. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान ताप उतरतो. घरच्यांना वाटते, सुटलो. कामगार शिरोलीच्या कारखान्यात पाळीवर जातो, बाई धार काढायला गोठ्यात शिरते. पण ज्यांचा आजार गंभीर वळण घेतो, त्यांचे ते वळण नेमके याच सुमारास येते. केशवाहिन्यांतून रक्तातला द्रव पाझरून पोटात, छातीत साचू लागतो. रक्त घट्ट होते, रक्तदाब घसरतो. हा काळ एक ते दोन दिवसांचा असतो आणि तेव्हा अंगात ताप नसतो. पोटात जोरात दुखणे, उलट्या न थांबणे, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येणे, हातपाय गार पडणे, लघवी कमी होणे, उठताच भोवळ येणे, माणूस विचित्र सुस्त किंवा अस्वस्थ होणे, यांतले एकही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. रात्रीच निघावे. गाडी नसेल तर 108 ला फोन करावा.

आपल्याकडे सगळी चौकशी ‘पेशी किती?’ इथेच अडकते. प्लेटलेट महत्त्वाच्या आहेतच, पण रक्त किती घट्ट झाले आहे, रक्तदाब किती आहे, लघवी होते आहे का, यांवर डॉक्टरांची नजर अधिक असते. नातेवाइकांनीही तेच विचारावे. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या अंगदुखीच्या गोळ्यांविषयी तर स्पष्टच सांगायला हवे. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. निदान होईपर्यंत तापावर पॅरासिटामॉल पुरते, तेही ठरलेल्या मात्रेत.

दुसरा आजार पूर ओसरल्यावर येतो. जुलै 2005 च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ पसरली होती. उंदीर आणि जनावरांच्या मूत्रातून हे जंतू पाण्यात, चिखलात उतरतात आणि पायाच्या साध्या भेगेतून शरीरात शिरतात. आपला जिल्हा तर म्हशींचा, भातखाचरांचा आणि उसाच्या पाटांचा. पाण्यात उतरल्यापासून साधारण एक-दोन आठवड्यांनी, कधी महिन्याभरानेही थंडी वाजून ताप येतो, पोटऱ्या असह्य दुखतात, डोळे लाल होतात. तोवर पुराचे पाणी विसरलेले असते, म्हणून डॉक्टरांना ते कुणी सांगत नाही. वेळेत सुरू झालेल्या साध्या प्रतिजैविकाने हा आजार आटोक्यात येतो. उशीर झाला तर मूत्रपिंडे आणि फुप्फुसे धरतो. त्यामुळे केसपेपर काढताना आपण कुठे गेलो होतो, हे न विचारताही सांगावे. चंदगडकडून दोडामार्गला काजूच्या हंगामात कामाला जाणाऱ्यांनी तर नक्कीच. त्या भागात 2016 मध्ये माकडतापाची मोठी साथ आली होती.

तान्ह्या बाळाच्या बाबतीत मात्र आकडाच धरायचा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 अंश फॅरनहाइट ताप आला, तर घरी काहीच करून बघू नये, लगेच दवाखाना गाठावा. त्याहून मोठ्या मुलाचे वागणे पाहावे. गोळी लागू पडल्यावर ते पाणी पिते, थोडे खेळते, तर धीर धरता येतो. पीत नसेल, सारखे झोपेत जात असेल, बरगड्या आत ओढून श्वास घेत असेल, तर अजिबात नाही. झटका आला तर कुशीवर वळवावे, तोंडात चमचा घालू नये, कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ दवडू नये.

वृद्धांचे उलटे असते. मधुमेही आजोबांना 100 अंशांच्या आतच ताप असतो आणि आत न्यूमोनिया वाढत असतो. ते अचानक असंबद्ध बोलू लागले, जेवायला नको म्हणाले, तर ‘वयोमानाने होते’ म्हणून सोडून देऊ नये.

धडधाकट माणसाने दोन-तीन दिवसांत ताप हटला नाही तर डॉक्टरांना दाखवावे, हा नियम सर्वांना माहीत आहे. तरीही ताप अंगावर काढला जातो, कारण खाडा झाला की पगार कापला जातो आणि डेअरीचे दूध दोन्ही वेळा घालावेच लागते. घरातल्या बाईचा ताप तर सर्वांत शेवटी मोजला जातो. म्हणूनच पावसाळ्याचे चार महिने प्राथमिक आरोग्य केंद्रांत संध्याकाळीही रक्त तपासणी व्हावी आणि अहवाल त्याच दिवशी हातात पडावा, अशी आमची जिल्हा परिषदेकडे मागणी आहे. कारखानदारांनीही डॉक्टरांची चिठ्ठी आणणाऱ्या कामगाराला ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस भरपगारी द्यावेत.