मर्यादवेल उपटू नका

बोरिवलीहून बोटीने गोराईची खाडी ओलांडताना दोन्ही काठांना तिवरं दिसतात. त्यांच्यासाठी न्यायालयाचे आदेश आहेत, २०१२पासून वनविभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे, आणि २०२० साली पांढऱ्या चिप्पीला राज्याच्या कांदळवन वृक्षाचा मानही मिळाला. हे सगळं योग्यच झालं. पण गाव मागे टाकून पश्चिमेला समुद्रावर उतरलं, की सुक्या वाळूवर पसरलेली मर्यादवेल लागते आणि तिच्या बाजूने बोलायला कोणी नसतं. आपल्याच धंद्यातली माणसं तिला 'रान' म्हणतात आणि किनारा सुशोभित करायचा म्हटलं की पहिल्या दिवशी तीच उपटतात.

शास्त्रीय नावात तिला बकरीचा पाय म्हटलं आहे, कारण पान मधोमध खाच असलेल्या खुरासारखं. आपल्याला ते आपट्याचं पान वाटतं. जांभळट गुलाबी, नरसाळ्यासारखं फूल सकाळी उमलतं आणि दुपार कलताना मिटतं. ही रताळ्याच्या कुळातली बहुवर्षायू वेल. आधाराला चढत नाही, वाळूवर दहा-पंधरा मीटर सहज सरपटते आणि पेराला पेराला मुळं सोडते.

तिचं सगळं काम या पेरांत आहे. वाऱ्याबरोबर सरकणारी वाळू पानांच्या गर्दीत अडते, वेग मोडतो, कण तिथेच पडतात. वेल पुरली जाते. दुसरी झाडं अशाने गुदमरतात. ही मात्र पुरलेल्या पेरांतून मुळं आणि वर नवे शेंडे काढते आणि साचलेल्या वाळूच्या डोक्यावर पुन्हा पसरते. असं वर्षानुवर्षं चाललं की किनाऱ्यामागे वाळूचा बांध उभा राहतो. पावसाळी उधाण त्याची कड खातं आणि पुढच्या कोरड्या महिन्यांत वेल ती पुन्हा भरते. मोठ्या वादळाला ती थोपवेल असं कोणी समजू नये. पण खाल्लेली कड स्वतः भरून काढणारी भिंत अजून कोणत्याही ठेकेदाराने बांधलेली नाही.

तिच्या सोबतीला रावणाच्या मिशा असतात. हे टोकदार गवत पायाला बोचतं, म्हणून तेही आधी जातं. मग वाळूवर लाल मातीचा थर, त्यावर लॉन, आणि लॉनला रोज गोडं पाणी. पहिल्या पावसात माती वाहून जाते आणि वाळू मोकळी होते. सुरूच्या रांगांबद्दलही आमचं मत प्रतिकूल आहे. सावली मिळते हे खरं, पण गळलेल्या काड्यांचा थर खाली दुसरं काही धरू देत नाही आणि सावलीत मर्यादवेल टिकत नाही. तिला उघडं ऊन लागतं.

लावायची वेळ आलीच, तर काम अवघड नाही. जवळच्याच किनाऱ्यावरून चार-पाच पेरांचे तुकडे घ्या, तेही दाट जाळीतून विरळ करून. निम्मी पेरं ओल्या वाळूत पुरा. पावसाच्या दिवसांत लावलं तर पाणी घालावं लागत नाही. मात्र जागा उधाणाच्या रेषेच्या बरीच वर हवी. खत नको, माती नको. बियांपासून रोपं करणाऱ्यांनी टणक कवच कानशीने थोडं घासावं. हेच कवच बी महिनोन्महिने समुद्रात तरंगत ठेवतं. म्हणून ही वेल अमेरिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत उष्ण किनाऱ्यांवर सापडते.

पण लावण्यापेक्षा राखणं केव्हाही स्वस्त. २०१९च्या किनारा नियमन अधिसूचनेत वाळूच्या टेकड्या कांदळवनांच्याच वर्गात, म्हणजे अतिसंवेदनशील क्षेत्रात आहेत. वेल काढली की टेकडी मोकळी होते, मग वर्ग कागदावर उरतो. किनाऱ्यावर जायला वाट हवीच. ती एकच, अरुंद आणि ठरलेली ठेवा, गाड्या टेकडीच्या मागे थांबवा. प्लास्टिक वेचायचं तर हातानेच वेचा. यंत्राचा दात बाटली आणि पेर यांत फरक करत नाही.

यंदा आपल्या हाती किनाऱ्याचं काम असेल, तर अंदाजपत्रकातली 'झाडोरा काढणे' ही ओळ आधी खोडा, आणि ओहोटीला जाऊन वेलीची हद्द नकाशावर आखून घ्या.