सिदी बूझिदचा ठेला आणि बैहरचा बसस्टँड

बैहर : अरब देशांत काही पेटलं की आपल्या बसस्टँडवरच्या टपरीवर दोनच गोष्टी निघतात. पेट्रोल किती वाढणार, आणि "तिकडचे लोक तर लढतच राहतात." पहिली काळजी रास्त आहे. दुसरं वाक्य मात्र तपासून पाहिलं पाहिजे. कारण 2011 मध्ये ज्या लाटेने ट्युनिसिया, इजिप्त आणि लिबियाचे सत्ताधीश घालवले, ती सुरू झाली बैहरसारख्याच एका आडबाजूच्या गावात.

गावाचं नाव सिदी बूझिद. समुद्रकाठची हॉटेलं आणि पर्यटक यांच्यापासून लांब, आतल्या शेतीच्या भागात. 17 डिसेंबर 2010 ला तिथे मोहम्मद बुआझिझी या 26 वर्षांच्या पोराचा फळभाजीचा माल आणि वजनकाटा नगरपालिकेच्या लोकांनी उचलला. तो दाद मागायला सरकारी कचेरीत गेला. कोणी भेटलं नाही. त्याने कचेरीसमोर स्वतःला पेटवून घेतलं, 4 जानेवारीला तो गेला आणि दहा दिवसांत 23 वर्षं गादीवर बसलेले बेन अली देश सोडून पळाले. तो पदवीधर होता असं तेव्हा जगभर छापून आलं. तसं नव्हतं, त्याचं शाळेचं शिक्षणही अर्धवट सुटलं होतं. पण पदवी घेऊन रिकामे बसलेल्या हजारो पोरांना तो आपलाच वाटला.

हे एका दिवसात झालं नाही. तीन वर्षं आधी, जानेवारी 2008 मध्ये, त्याच देशातल्या गाफ्सा भागात फॉस्फेटच्या खाणीत भर्तीची यादी लागली. यादीत वशिल्याची नावं आहेत असं म्हणत रदैफ गावातले बेरोजगार, खाणीत मेलेल्यांच्या बायका, शिक्षक असे सगळे रस्त्यावर बसले. सहा महिने हे चाललं. शेवटी पोलीस आणि फौज आली, राजधानीला मात्र त्याची फारशी खबरही लागली नाही. मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीशेजारी राहणाऱ्या आपल्या लोकांना भर्तीच्या यादीची किंमत वेगळी सांगायला नको. माल जमिनीतून निघतो आमच्या, नोकरी कोणाला, हा प्रश्न कुठल्याही खाणीच्या गावात विचारला जातोच. आणि हो, खरीपात ज्या डीएपीच्या बोरीसाठी आपण रांगेत उभे राहतो, तिच्यात लागणारा फॉस्फेटचा माल मोरोक्को, जॉर्डन, ट्युनिसिया अशाच देशांतून येतो.

आता भाकरीचं पाहू. आपण "ऐश करतो" म्हणतो तो शब्द मूळ अरबी, अर्थ जगणं. इजिप्तमध्ये भाकरीलाच ऐश म्हणतात. जानेवारी 1977 मध्ये सादात सरकारने पीठ, तेल, साखर यांवरची सवलत काढली तर दोन दिवसांत शहरं पेटली आणि निर्णय मागे घ्यावा लागला. 2011 ला कैरोच्या तहरीर चौकातल्या घोषणेतही पहिला शब्द ऐश होता, स्वातंत्र्य त्यानंतर. राशनचं दुकान महिनाभर बंद राहिलं तर आपल्याकडे काय होईल, एवढा विचार केला तरी हे समजतं.

पण सत्ताधीश गेला म्हणजे भाकरी आली असं झालं नाही, आणि खरी भीती तिथूनच सुरू होते. इजिप्तमध्ये निवडून आलेले मोर्सी 3 जुलै 2013 ला लष्कराने हटवले. ऑगस्टमध्ये राबा चौकात त्यांचे शेकडो समर्थक गोळीबारात मेले. पुष्कळ सामान्य माणसांनी तरीही लष्कराची बाजू घेतली, कारण डोळ्यांसमोर सीरिया आणि लिबिया जळत होते. सरकारची भीती आणि सरकार नसण्याची भीती, दोन्ही एकाच घरात. ज्या जिल्ह्यात 1999 मध्ये मंत्री लिखीराम कावरे यांची नक्षलवाद्यांनी हत्या केली, त्या जिल्ह्याच्या जंगलपट्टीत रात्री दार वाजलं तर बाहेर कोण असेल, ही धास्ती लोकांनी वर्षानुवर्षं काढली आहे. म्हणून कैरोच्या माणसाला "भित्रा" म्हणायला माझी जीभ वळत नाही.

ट्युनिसियाने सगळ्यांत जास्त काळ लोकशाही टिकवली. तरी 25 जुलै 2021 ला राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी संसद थांबवली तेव्हा रस्त्यावर लोक नाचले, कारण दहा वर्षांत पक्ष बदलले, कामधंदा नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये सईद 90 टक्क्यांहून जास्त मतांनी पुन्हा निवडून आले, पण मतदानच 29 टक्क्यांच्या आत होतं. एकेकाळी मतासाठी रांगा लावणारे लोक घरीच बसले.

सिदी बूझिद आणि गाफ्साकडची पोरं आता होडीत बसून इटलीच्या लाम्पेदुसा बेटाकडे निघतात. काही पोचतात, काही बुडतात. आपल्याकडे धान कापून झालं की बैहर-परसवाड्याची पोरं पिशवी घेऊन नागपूर-हैदराबादच्या गाडीची वाट पाहत उभी असतात, त्याच बसस्टँडवर.