आवाज आपला, यंत्र कोणाचे?

३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केले. पैसे देऊ केले असतानाही त्या पाक्षिकाची जाहिरात छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला होता. छापखाना ज्याच्या हाती, त्याचाच शब्द समाजापर्यंत पोहोचत असे. आज वस्तीवस्तीत मोबाइल आला. म्हणून तो प्रश्न मिटला, असे अनेकांना वाटते. वस्तुतः तो मिटलेला नाही, त्याचे रूप पालटले आहे.

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात, बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध करणाऱ्या जमावावर राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला. दहा जण मृत्युमुखी पडले. गॅसचा टँकर पेटण्याचा धोका होता, असे समर्थन पुढे करण्यात आले. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरविला. त्या दिवशी रहिवाशांच्या खिशात मोबाइलचा कॅमेरा नव्हता. त्यांच्याजवळ होती ती डोळ्यांनी पाहिलेली साक्ष.

२०१८ मध्ये चित्र वेगळे होते. १ जानेवारीच्या भीमा कोरेगाव हिंसाचाराच्या चित्रफिती मोबाइलवरून राज्यभर पोहोचल्या आणि ३ जानेवारीच्या बंदमध्ये आपल्या पूर्व उपनगरांतील रस्ते व रेल्वे थांबली. वृत्तपत्राच्या दयेवर विसंबून राहण्याची गरज उरली नाही, ही मोठी प्राप्ती होय.

परंतु जे यंत्र आपला आवाज दूर नेते, तेच आपला माग काढते. चित्रफितीत आंदोलकाचा चेहरा राहतो, मोबाइलच्या नोंदीत त्याचा ठावठिकाणा राहतो. नियमांनुसार शासन इंटरनेटही बंद करू शकते. भीमा कोरेगाव प्रकरणातील आरोपी रोना विल्सन यांच्या संगणकात बाहेरून कागदपत्रे घुसविण्यात आली होती, असा निष्कर्ष अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने २०२१ मध्ये काढला. तपास यंत्रणेने तो मान्य केला नाही. वाद न्यायालयाचा आहे. मात्र पुरावाच बाहेरून पेरता येत असेल, तर सामान्य माणसाने आपले निरपराधित्व सिद्ध करावे कसे?

याचे उत्तर मोबाइल टाकून देणे हे नव्हे. उत्तर संविधानात आहे. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितले. इंटरनेट अनिश्चित काळ बंद ठेवता येणार नाही आणि बंदीचे आदेश प्रसिद्ध करावे लागतील, असे १० जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालाने स्पष्ट केले. हे हक्क ज्याला ठाऊक नाहीत, त्याच्यासाठी ते कागदावरच राहतात.

म्हणून वसतिगृहातील आपल्या विद्यार्थ्यांना केवळ संगणक चालविणे शिकवून भागणार नाही. आलेला संदेश पुढे पाठविण्यापूर्वी पडताळणे, घडलेल्या अन्यायाची तारीखवार नोंद ठेवणे आणि आपली माहिती कोण घेतो, हे विचारणे त्यांना शिकविले पाहिजे. बाबासाहेबांच्या त्रिसूत्रीतील पहिला शब्द ‘शिका’ हाच आहे. यंत्र परक्याच्या मालकीचे असेल. विवेक मात्र आपल्याच मालकीचा राहिला पाहिजे.