स्लॅब गळतो, कोणते सिमेंट आणावे?



जयंती पार पडली, कारखान्यांचा पट्टा पडून ऊसतोडीला गेलेली माणसे गावी परतली, की आपल्या वस्त्यांमध्ये घरदुरुस्तीचे दिवस सुरू होतात. मृगाच्या आत जे उरकेल ते उरकायचे, कारण दिवाळीच्या आगेमागे पुन्हा कोयता घेऊन निघायचे असते. ही घाई ओळखूनच दुकानदार विचारतो, "लवकर धरणारं देऊ का?"

आमच्या शेजारच्या एका कुटुंबाचे असेच झाले. घरकुलाचा स्लॅब चुलीच्या वरच्या बाजूला गळत होता. एके रात्री वीतभर पोपडा निसटून लेकराच्या अंथरुणाजवळ पडला. घरधनी घाबरला, तालुक्याला गेला, आणि दुकानदाराच्या सांगण्यावरून "दहा मिनिटांत पक्कं" होणाऱ्या पावडरचे पुडे घेऊन आला. गवंड्याने ती सगळ्या छताला आतून लिंपली. पहिल्याच मोठ्या पावसात ती पापुद्र्यासारखी खाली आली. पैसा गेला तो उचलीतला, म्हणजे पुढच्या हंगामात अंगावर फिटायचा.

पावडर खोटी नव्हती, जागा चुकली होती. म्हणून आज थोडे सिमेंटविषयी. मी कारकुनी करणारा माणूस, गवंडी नव्हे. पण गोणीवर काय छापले आहे ते वाचायला गवंडी असावे लागत नाही. आपल्यातले कितीतरी जण बांधकामावर घमेली वाहून संसार करतात, दिवसाला पन्नास गोण्या फोडतात, आणि स्वतःच्या घरासाठी मात्र दुकानदार देईल ती गोणी उचलतात, याचे वाईट वाटते.

पहिली गोष्ट. सिमेंट आवळणे वेगळे आणि ताकद धरणे वेगळे. कालवलेला माल थापीला जड जाऊ लागला, की तो आवळला. त्यानंतर ताकद दिवसादिवसाने वाढत जाते. ५३ ग्रेड घेतले की लगेच आवळते असा समज आहे, तो चुकीचा आहे. ४३ असो, ५३ असो की राखेचे पीपीसी असो, भारतीय मानकाप्रमाणे ते कालवल्यापासून ३० मिनिटांच्या आत आवळू लागता कामा नये, आणि १० तासांच्या आत पूर्ण आवळले पाहिजे. नियम सर्वांना सारखाच. फरक ताकदीचा आहे. ५३ ग्रेडने तिसऱ्या दिवशी किमान २७ आणि अठ्ठाविसाव्या दिवशी ५३ ताकद दिली पाहिजे. पीपीसीने तिसऱ्या दिवशी १६ आणि अठ्ठाविसाव्या दिवशी ३३. 'रॅपिड हार्डनिंग' म्हणून एक जात आहे, ती एका दिवसात १६ आणि तीन दिवसांत २७ गाठते. नाव ऐकून फसू नये, आवळायला तेही इतरांएवढाच वेळ घेते. तालुक्याच्या दुकानात ते सहसा मिळत नाही आणि घरगुती डागडुजीला त्याची गरजही नाही.

पीपीसीला काही जण "राखेचं, हलकं" म्हणून नाक मुरडतात. परळीच्या औष्णिक केंद्रातून जशी राख निघते, तशीच कोळशाची बारीक राख त्यात १५ ते ३५ टक्के असते. ती भेसळ नव्हे. ती सावकाश ताकद धरते, पण पुढे माल घट्ट होतो आणि पाणी कमी झिरपू देतो. गिलावा, विटांच्या दरजा, ओटा, न्हाणी यांना पीपीसीच घ्यावे. ५३ ग्रेड जास्त तापते. आपल्याकडच्या वैशाखात पाणी मारायला एक वेळ चुकली, की त्याला जाळीसारख्या चिरा पडतात.

मग ती तीन-चार मिनिटांत आवळणारी पावडर कशासाठी? हौदातून, टाकीतून किंवा पाइपाच्या कडेने पाणी चालू असताना भोक बुजवायचे असेल, तर तिच्यासारखे दुसरे काही नाही. भोक छन्नीने आत रुंद, तोंडाशी अरुंद असे कोरावे. मूठभरच पावडर कालवावी, गोळा कोमट लागू लागला की भोकात दाबून धरावा आणि घट्ट होईपर्यंत हात काढू नये. हातात रबरी मोजे हवेतच. सिमेंट कातडी खाते, हे बांधकामावरच्या आपल्या बायांचे हात पाहिले की वेगळे सांगावे लागत नाही. आवळलेल्या मालात पुन्हा पाणी घालून तो चालवू नये, तो मेला म्हणून समजावे.

काही गवंडी घाईसाठी साध्या सिमेंटमध्ये धुण्याचा सोडा किंवा प्लास्टर ऑफ पॅरिस टाकतात. सोड्याने माल झटकन आवळतो, पण पुढची ताकद कमी होते. प्लास्टर ऑफ पॅरिस ओल्या जागी सिमेंटबरोबर फुगते आणि जागा फोडते. मीठ तर सळईचा वैरीच. घरच्या बाईने मालावर लक्ष ठेवावे आणि असे काही दिसले तर तिथेच हात धरावा. "बाई माणसाला काय कळतंय" असे कोणी म्हणाले तरी मागे सरू नये.

आता स्लॅब. गळती वरून बंद करायची असते, खालून नव्हे. खालून लिंपले तर पाणी आतच कोंडते, सळई गंजते, गंजली की फुगते आणि काँक्रीट ढकलते. पोपडे पडतात ते यामुळेच. आधी वरच्या चिरा कोरून भराव्यात, पाण्याचा उतार नीट करावा. मग खाली ठोकून पाहावे. पोकळ आवाज येईल तेवढे काढावे, सळई तारेच्या ब्रशने घासून चकचकीत करावी, जागा धुवावी. सिमेंटमध्ये बाँडिंगचे केमिकल कालवून ब्रशने फिरवावे आणि ते चिकट असतानाच एकास तीनचा माल बोटभर जाडीच्या थरांनी भरावा. सळया बारीक होऊन तुटू लागल्या असतील, तर कोणत्याही गोणीत त्याचे औषध नाही. खाली टेकू द्यावा आणि पंचायत समितीच्या अभियंत्याला लेखी अर्ज देऊन बोलवावे. अर्जाची पोच घ्यावी.

काळ्या जमिनीवरच्या घरांच्या भिंती पावसाळ्यात एक चाल करतात आणि उन्हाळ्यात दुसरी. चिरेवर आडवी पेन्सिलीची रेघ ओढून शेजारी तारीख लिहावी. दोन महिन्यांनी रेघ तुटून सरकलेली दिसली, तर चीर जिवंत आहे. पाया पाहिल्याशिवाय भरण्यात अर्थ नाही. मातीत रचलेल्या दगडी भिंतीला वरून सिमेंटचा गिलावा दिला म्हणजे ती पक्की झाली, असेही समजू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात अशाच जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या.

गोणी घेताना आयएसआयची खूण, प्रकार आणि भरल्याचा आठवडा व वर्ष वाचावे. तीन महिन्यांपेक्षा जुनी गोणी परत करावी. आत हात घातला तर गार लागले पाहिजे. चिमटीत न फुटणारे खडे असतील तर भाव कितीही कमी असो, नको म्हणावे.

राहिले पाणी. टँकरच्या गावात कोणी म्हणेल, माणसाला नाही तिथे भिंतीला कुठून? पण साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि पीपीसीला १० दिवस ओल हवीच. आपल्या उन्हात पीपीसीला १४ दिवस धरावेत. ओली पोती टाकून वर प्लास्टिकचा कागद दाबला, तर घागरभर पाण्यात दिवस निघतो. काम ऊन कलल्यावर धरावे.

त्या शेजाऱ्यांनी पुढच्या खेपेला स्लॅबच्या वरून काम धरले. अर्धी गोणी पीपीसी लागली. खालच्या बाजूला पोती टिकेनात, तेव्हा आजीने स्टुलावर उभे राहून चौदा दिवस सकाळ-संध्याकाळ भिजलेल्या फडक्याने ती जागा टिपली. यंदा चूल पुन्हा त्याच जागी मांडली आहे.