कानाला सवय होत नाही

"कानाला सवय होते," असं ब्रह्मपुरी-वडसा पट्ट्यात साऊंडवाल्यापासून कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळे सांगतात. मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, रात्री स्पीकरच्या बॉक्सपुढे नाचून आलं की कान सूं-सूं करतात, सकाळी थांबतात. याला सवय म्हणणं साफ चूक आहे. आतल्या कानात बारीक केसांच्या पेशी असतात. मोठ्या आवाजानं त्या आधी थकतात, मग मरतात, आणि माणसात पुन्हा उगवत नाहीत. आवाज बोचेनासा होतो, कारण तो टिपणारंच काही उरत नाही.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: आवाजावर बंधन आलं तर झाडीपट्टीचं, म्हणजे याच भागातलं, नाटक मरेल. परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी. दिवाळीनंतरच्या हंगामावर कितीतरी चुली पेटतात. रात्रभर चालणाऱ्या नाटकाला रात्री दहाचा नियम जाचतो, हे मलाही मान्य. पण किती वाजेपर्यंत हा एक प्रश्न, किती मोठ्यानं हा दुसरा. जागतिक आरोग्य संघटनेनं 2022 मध्ये करमणुकीच्या जागांसाठी सरासरी 100 डेसिबलची मर्यादा सुचवली. तेवढ्यात नाटक रंगतं. बॉक्स उंच टांगा, पुढच्या चटईवरच्या लेकरांच्या तोंडापुढे ठेवू नका.

त्याच संघटनेच्या मानकात इअरफोनचा हिशेबही ठरलेला आहे. 80 डेसिबल आठवड्याला 40 तास, लहानांसाठी 75. पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. 95 वर मोठ्यांना आठवड्याचा सव्वा तास उरतो. हे मानक ऐच्छिक आहे, आणि माझं भांडण इथंच आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनमध्ये, आठवडी बाजारातल्या स्वस्त इअरफोनमध्येही, ते सक्तीचं हवं. मर्यादा कारखान्यातूनच घातलेली यावी. पोराच्या शहाणपणावर ती सोडता येत नाही.

"हे शहरातले प्रश्न, जंगलात कुठे?" असंही विचारतात. मोठ्या आवाजानं आधी जातात ते बारीक, उंच स्वर: वाळक्या पानांची खुसखुस त्यातच येते. वाघाच्या रानात राहणाऱ्याला मुंबईकरापेक्षा कानाची गरज जास्त.

गेल्या चैतात सिंदेवाहीकडे पहाटे मोहाखाली एक पोरगा वाकून फुलं वेचत होता, दोन्ही कानांत इअरफोनची बोंडं. वरच्या फांदीवर वानरं वाघाची चाहूल लागल्यासारखी खाकरायला लागली. बाया टोपल्या सोडून एकत्र झाल्या. तो वेचतच होता. आईनं धावत जाऊन दंड धरला, तेव्हा त्यानं मान वर केली. त्या दिवशी बोंडं काढल्यावर त्याला सगळं ऐकू आलं. पेशी गेल्यावर काढायला काहीच नसतं.