भट्टीची विद्या

पंचवटीतील नारोशंकराच्या देवळाची घंटा नाशिककरांच्या परिचयाची आहे. वसईच्या विजयाची खूण म्हणून ती तेथे टांगली गेली. उत्तमातली उत्तम घंटा वाजविली तरी तिचा नाद फार तर काही मिनिटे घुमतो आणि विरतो. आता सेकंदाला पाचशे कंपने पावणारी एखादी घंटा अशी कल्पावी, की आषाढी एकादशीला तिच्यावर एक टोला हाणला असता नारळी पौर्णिमेपर्यंत तिचा नाद पुरता विरू नये. ही कविकल्पना नव्हे. निओबियम या धातूची पोकळी द्रवरूप हेलियमच्या साहाय्याने केवळ शून्याच्या वर दोन अंशांपर्यंत थंड केली, तर तीत कोंडलेल्या विद्युत् लहरी याच प्रमाणात टिकून राहतात. तांब्याच्या पोकळीपेक्षा हे टिकणे लाखपटीहून अधिक असते. कणवेगवर्धक यंत्रातील प्रोटॉनांना पुढे रेटणारा धक्का याच लहरी देतात.

परंतु धातू अतिसंवाहक असला म्हणजे काम भागले, असे नाही. तांबट आळीत ठोकून ठोकून ताठ झालेले तांबे पुन्हा भट्टीत घालून मऊ करतात, हे नाशिकच्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. निओबियमलाही भट्टी चुकत नाही. पत्रा दाबताना, जोडताना, विशेषतः आम्लांनी धुताना त्यात हायड्रोजन शिरतो. तो तसाच राहिला आणि पोकळी सावकाश थंड होऊ लागली, तर केवळ शून्याच्या वर शंभर अंशांच्या आसपास त्याचे हायड्राइडचे कण पृष्ठभागावर साकळतात आणि सारे गुण मातीमोल होतात. म्हणून निर्वात भट्टीत सुमारे 800 अंश सेल्सिअसला काही तास तापवून हा हायड्रोजन हाकलावा लागतो. पुढे अवघ्या 120 अंशांवर दोन दिवस शेकण्याची रीत आली. तिचा लाभ प्रथम अनुभवाने कळला. कारणमीमांसा मागाहून रखडत आली, आणि तीविषयी अजूनही वाद आहेत.

नायट्रोजनची कथा तर याहून बोधप्रद आहे. अमेरिकेच्या फर्मी प्रयोगशाळेत ॲना ग्रासेलिनो आणि त्यांचे सहकारी तापलेल्या निओबियमवर त्याच्या नायट्राइडचा थर चढवू पाहत होते. थर चढला, पण पोकळी निकामी ठरली. तेव्हा पृष्ठभाग काही सहस्रांश मिलिमीटर खरवडून पुन्हा मापन केले गेले, आणि लहरींचा टिकाऊपणा नेहमीच्या दोन ते चार पट भरला! 2013 साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, आणि आज कॅलिफोर्नियातील मोठे क्ष-किरण लेसर यंत्र याच रीतीच्या पोकळ्यांवर चालते. सिद्धांत येथे भट्टीच्या मागून चालत आला.

भारत या विद्येत अगदीच परका नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील रेषीय वेगवर्धकात तांब्यावर शिशाचा मुलामा दिलेल्या अतिसंवाहक पोकळ्या वापरल्या गेल्या. दिल्लीत निओबियमच्या पोकळ्या घडल्या. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्राने त्यांच्या जोडणीसाठी लेसरचा उपयोग करून दाखविला. 2018 साली भारत आणि अमेरिका यांच्यात झालेल्या करारानुसार फर्मी प्रयोगशाळेच्या नव्या वेगवर्धकाच्या उभारणीतही भारताचा वाटा आहे. यंत्र परदेशात बसणार, मग येथे एवढा खटाटोप कशाला, असे विचारणारे भेटतातच. थोरियमपासून ऊर्जा मिळविण्यासाठी वेगवर्धकाची जोड द्यावी, ही कल्पना ज्या देशात वर्षानुवर्षे मांडली जाते, त्या देशात हा प्रश्न विचारला जावा, हे नवल होय.

खरी अडचण निराळीच आहे. उष्णता संस्करण हा आपल्या शिक्षणात हलक्या हाताचा विषय मानला गेला. पदार्थविज्ञानाचा पदवीधर अतिसंवाहकतेची समीकरणे सोडवितो, पण धातू तापविताना निर्वात किती हवा, हे त्याने पाहिलेले नसते. तंत्रशिक्षण घेतलेला मुलगा भट्टी चालवितो, पण ती तितक्याच अंशांवर का थांबवायची, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. जाणणारा आणि करणारा यांची ही फारकत जुनीच. जातीच्या उतरंडीने ती पोसली, आणि परीक्षापद्धतीने तिला प्रतिष्ठा दिली. निओबियमची पोकळी मात्र ती चालवून घेत नाही. धुळीचा एक कण आत राहिला, तापमापकाची एक नोंद चुकली, तरी महिन्यांची मेहनत वाया जाते.

ओझरला विमाने घडतात, सातपूर आणि अंबडच्या वसाहतींत यंत्रांचे भाग तयार होतात. या गावाला पोलाद तापविणे आणि निवविणे नवे नाही. मुंबई आणि इंदूर येथील संशोधन संस्थांना जोडणारा आग्रा रस्ता नाशिकच्या मधोमध जातो, हा भूगोलाचा योगायोग असेल. त्याचा उपयोग करून घेणे मात्र योगायोगावर सोडता येणार नाही. महाविद्यालयांचे विज्ञान विभाग आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांनी एक निर्वात भट्टी सामाईक घ्यावी, कारखान्यांनी तिच्या खर्चाला हात लावावा, आणि दर उन्हाळ्यात दोन्हीकडचे चारदोन शिक्षक इंदूरला प्रत्यक्ष काम पाहण्यासाठी धाडावेत. यास फार मोठ्या योजनेची गरज नाही. नाशिकहून इंदूर एका रात्रीच्या प्रवासाच्या अंतरावर आहे.