लहानग्यांचा वाढदिवस : घर, सभागृह की मैदान?

मध्यमवर्गीय कुटुंबाच्या वार्षिक अंदाजपत्रकात गेल्या दोन-तीन दशकांत एका नव्या कलमाने शिरकाव केला आहे. शाळेची फी, विम्याचा हप्ता, घराच्या कर्जाची फेड, गावी जाण्यायेण्याचा खर्च, दिवाळी ही सारी कलमे जुनी व परिचित आहेत. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या वाढदिवसाची मेजवानी हे त्या मानाने नवे कलम. ते कोणी ठरवून घातलेले नसल्यामुळे त्याची तरतूदही कोणी केलेली नसते. वाढदिवस महिन्यावर येऊन ठेपला की घरात चर्चा सुरू होते आणि तिची सुरुवात बहुधा एकाच प्रश्नाने होते : कोठे करायचा? हा प्रश्न वरवर किरकोळ दिसतो. परंतु जागा एकदा ठरली की पाहुण्यांची संख्या, जेवणाचा प्रकार, समारंभाची वेळ, भेटवस्तूंची परतफेड, एवढेच नव्हे तर ज्याचा वाढदिवस आहे त्या बालकाला त्या समारंभात किती वाव राहणार, हे सारे त्या निर्णयाच्या पाठोपाठ आपोआप ठरत जाते.

पूर्वी हा प्रश्न उद्भवत नसे, कारण वाढदिवस हा घराबाहेर नेण्याचा प्रसंगच नव्हता. तो तिथीने येई. सकाळी अभ्यंगस्नान, देवापुढे नमस्कार, पाटावर बसवून औक्षण आणि जेवणात एखादा गोड पदार्थ एवढ्यावर तो संपत असे. सनातनी घरांतून वर्धापनाचा विधी होई, त्यात मार्कंडेय आणि सप्त चिरंजीव यांचे स्मरण करून बालकाला तीळगूळ घातलेले दूध पाजीत. ग्रामीण महाराष्ट्रात तर जन्मतारखेची नोंद ठेवण्याचीच फारशी गरज भासत नसे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीसाठी १ जून ही तारीख टाकून दिली आणि पुढे त्याच तारखेला आपण निवृत्तीचे वय गाठले, असे सांगणारे शिक्षक व कारकून आजही हजारांनी भेटतील. २०२३ च्या दुरुस्तीनंतर त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून पुढे जन्मलेल्यांना जन्मदाखल्याखेरीज दुसरा पुरावा चालत नाही. त्यामुळे १ जूनच्या पिढीचा शेवट आता दृष्टिपथात आला आहे. तारीख पक्की झाली, केक आला, मेणबत्त्या आल्या. १९९६ साली दिल्लीत व मुंबईत मॅकडोनाल्डची पहिली उपाहारगृहे उघडली, आणि मुलांचा वाढदिवस विकत घेता येणारी एक तयार वस्तू होऊ शकते ही कल्पना शहरी पालकांच्या अंगवळणी पडत गेली.

या बदलाकडे केवळ नाक मुरडून पाहणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. वाढदिवस घराबाहेर गेला त्याला मिरवण्याची हौस हे एकच कारण नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ३७ टक्के कुटुंबे एकाच खोलीत राहत होती. दोन खोल्यांच्या घरात वीस मुले व त्यांना पोचवायला आलेले दहा पालक मावत नाहीत. चाळीत मावत, कारण चाळीला गॅलरी होती, शेजारचे दार उघडे होते आणि खुर्च्या चार बिऱ्हाडांतून गोळा होत असत. बंद दारांच्या सदनिकेत ती सोय उरली नाही.

दुसरे कारण याहून महत्त्वाचे आहे. ‘घरचा वाढदिवस स्वस्त पडतो’ हे विधान हिशेबाच्या दृष्टीने अपुरे आहे. तो स्वस्त पडतो, कारण त्यातील सर्वांत मोठा खर्च वहीत लिहिला जात नाही. आदल्या रात्री बटाटे उकडणे, सकाळी घर आवरणे, संध्याकाळी पुऱ्या तळणे आणि रात्री साडेदहा वाजता चिकट झालेली फरशी पुसणे हे काम कोणीतरी करतेच, आणि ते कोण करते हे सांगण्याची आवश्यकता नाही. केंद्र सरकारच्या २०१९ च्या कालविनियोग सर्वेक्षणात असे दिसून आले की बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात, पुरुष ९७ मिनिटे. नोकरी करणाऱ्या आईने ‘यंदा हॉलच घेऊ’ असे म्हटले तर ती उधळपट्टीची मागणी नव्हे. आपल्या श्रमाची किंमत ती पहिल्यांदाच हिशेबात धरू पाहत असते. घरातील पुरुषांनी घरगुती वाढदिवसाचा आग्रह अवश्य धरावा, मात्र फरशी कोण पुसणार हे त्याच बैठकीत ठरवावे.

आता सभागृहाचा हिशेब पाहू. मंगल कार्यालयाचा छोटा हॉल, उपाहारगृहाचा वरचा मजला, किंवा मॉलमधील खेळघर यांची दरपद्धती साधारण एकाच धाटणीची असते. भाडे वेगळे सांगितले जात नाही, दर पानामागे असतो आणि किमान पानांची हमी द्यावी लागते. ही हमी हीच खरी मेख. घरात बारा मुले बोलवायची ठरलेली असतात. किमान चाळीस पाने भरायची म्हटल्यावर कार्यालयातील सहकारी, इमारतीतील ओळखीचे, दूरच्या नात्यातील माणसे यांची नावे यादीत चढू लागतात. यादी माणसे ठरवीत नाहीत, हॉल ठरवतो. पानामागे पाचशे रुपये असा दर उदाहरणादाखल धरला तर चाळीस पानांचे वीस हजार होतात. सजावट, केक, जादूगार, परतभेटी यांचा त्यात समावेश नाही. २०२३–२४ च्या घरगुती उपभोगखर्चाच्या सर्वेक्षणानुसार देशातील शहरी माणसाचा दरमहा सरासरी खर्च ६,९९६ रुपये होता. म्हणजे तीन तासांच्या त्या जेवणावर जवळजवळ तिघा शहरी माणसांचा महिन्याचा संसार खर्ची पडतो. ज्याला परवडते त्याने तो करावा, यात अर्थशास्त्राला आक्षेप घेण्याचे कारण नाही. केटरर, फुलवाले, वाढपी यांच्या हाती तो पैसा जातो आणि तेही संसारी लोकच आहेत.

आक्षेपाचे कारण पुढे आहे. थॉर्स्टीन व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने १८९९ साली दिखाऊ उपभोगाची मीमांसा केली, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे अमेरिकेतील धनिक होते. शिक्षक किंवा लिपिक यांच्या स्थितीला फ्रेड हर्श याने १९७६ साली मांडलेला विचार अधिक लागू पडतो. गर्दीत प्रत्येकाने टाचा उंचावल्या तर कोणालाच अधिक दिसत नाही, हा त्याचा दृष्टान्त प्रसिद्ध आहे. बालवर्गातील एका मुलाचा वाढदिवस खेळघरात झाला की दुसऱ्याला घरातला वाढदिवस कमी वाटू लागतो. दुसऱ्यानेही खेळघर घेतले की पहिल्याचे वेगळेपण संपते आणि तो पुढच्या वर्षी रिसॉर्ट शोधतो. सर्वांचा खर्च वाढतो, कोणाचाच आनंद वाढत नाही. यात मूर्ख कोणीच नसतो. प्रत्येक कुटुंब आपापल्या परीने शहाणपणानेच वागत असते आणि तरीही सर्वांच्या वागण्याची बेरीज मूर्खपणाची होते.

या शर्यतीत जो उतरू शकत नाही तो काय करतो? तो निमंत्रण नाकारतो. मुलाला बरे नाही, गावी जायचे आहे, असे काहीतरी कळवले जाते. खरे कारण असे असते की महिन्याच्या वीस तारखेनंतर तीनशे रुपयांची भेटवस्तू परवडत नाही, आणि त्याहून अधिक म्हणजे उद्या आपल्या मुलाच्या वाढदिवसाला या सगळ्यांना कोठे बोलवायचे ही धास्ती असते. आपल्या समाजात आहेर हा कधीच एकतर्फी नसतो, घेतलेला आहेर वहीत असो वा नसो, तो लक्षात राहतो. शुक्रवारच्या वाढदिवसाविषयी सोमवारी वर्गात काय बोलले जाते आणि त्या वेळी कोणते मूल गप्प बसते, हे बालवर्गाच्या शिक्षिकांना आकडेवारीवाचून ठाऊक असते.

आणि ज्याच्यासाठी हे सारे चालते त्या बालकाचे काय? समारंभ वडिलांच्या कचेरीच्या वेळेनुसार रात्री आठला ठेवला जातो, म्हणजे चार वर्षांच्या मुलाच्या झोपेच्या वेळी. ध्वनिवर्धकावर निवेदक ओरडत असतो, कार्टूनचा जाड पोशाख चढवलेला एक तरुण घामाघूम होऊन हात हलवत असतो आणि उत्सवमूर्ती त्याला पाहून आईच्या पदराआड दडते. पाश्चात्त्य पालकांत एक ठोकताळा आहे : मुलाचे जितके वय तितकीच सोबती मुले बोलवावीत. आपल्याकडे हा कोणी पाळील असे नाही आणि पाळावाच असेही नाही, कारण आपली मुले गोतावळ्यात वाढतात. पण लहान मुलाला दोन तासांहून अधिक समारंभ सोसत नाही आणि त्या दोन तासांत त्याला धावायला जागा लागते, एवढे तरी त्यातून घ्यावे.

जागा निवडताना जो प्रश्न सर्वांत आधी विचारला पाहिजे तो मात्र क्वचितच विचारला जातो. २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातील डबवाली येथे एका शाळेचा समारंभ मंगल कार्यालयाच्या कृत्रिम कापडाच्या मांडवात चालू असताना आग लागली. बाहेर पडण्याची वाट अपुरी होती. चारशेहून अधिक माणसे मृत्यू पावली, त्यांत मुले मोठ्या संख्येने होती. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री मुंबईतील कमला मिल परिसरात गच्चीवरील उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जण दगावले. तेथेही एक वाढदिवस साजरा होत होता. २५ मे २०२४ रोजी राजकोट येथे एका खेळघराला आग लागून पंचवीसहून अधिक जणांचा बळी गेला, त्यातही मुले होती. अग्निशमन विभागाचा ना-हरकत दाखला नसताना ते चालू होते.

या तिन्ही ठिकाणी गेलेल्या लोकांनी सजावट पाहिली असेल, दर विचारला असेल. दारे किती, हे कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ सालचा आहे. त्यानुसार इमारतीतील अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र, म्हणजे ‘नमुना ब’, परवानाधारक संस्थेकडून घेऊन वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैत, सादर करावे लागते. आगाऊ रक्कम देण्यापूर्वी ते दाखवा असे म्हणण्याचा संकोच वाटण्याचे कारण नाही. जिन्यात खुर्च्यांची चळत लावली आहे काय, दुसरे दार कुलूपबंद आहे काय, छताला थर्माकोल व कापड किती लावले आहे, हे तर कागदावाचूनही दिसते. फुग्यांत हेलियमऐवजी स्वस्त हायड्रोजन भरला जातो आणि मेणबत्ती त्याच्याखालीच पेटवली जाते, त्याकडेही पाहावे. ज्या व्यवस्थापकाला हे प्रश्न अपमानास्पद वाटतील त्याचा हॉल सोडून द्यावा.

घर व हॉल यांच्या मधल्या जागा आपण विसरलो आहोत. सोसायटीचे सभागृह किंवा तळमजल्याची मोकळी जागा, कठडा पुरेसा उंच असलेली गच्ची, सकाळच्या वेळी नगरपालिकेची बाग. पुण्याच्या पेशवे पार्कातील फुलराणीत किंवा मुंबईच्या कमला नेहरू उद्यानातील म्हातारीच्या बुटात जी मौज आहे ती निवेदकाच्या गोंगाटात नाही. पंतप्रधान पोषण योजनेत ‘तिथी भोजना’ची तरतूद आहे. शाळेतील साऱ्या मुलांना त्या दिवशी एक गोड पदार्थ जास्तीचा देता येतो आणि त्यात कोणाला बोलावले व कोणाला वगळले हा प्रश्नच उरत नाही. अनाथाश्रमात जाऊन वाढदिवस करण्याची प्रथा मात्र जपून अनुसरावी. ज्यांच्या जन्मतारखा अनेकदा कोणालाच ठाऊक नसतात त्या मुलांना रांगेत बसवून दुसऱ्याच्या केकला टाळ्या वाजवायला लावायच्या आणि त्यांची छायाचित्रे घ्यायची, हे दान देणाऱ्याला सुखावते. घेणाऱ्याचे काय होते ते त्या छायाचित्रांतच नीट पाहावे. द्यायचेच असेल तर मुलाला न नेता धान्य पोचवावे.

याहून एक सोपा उपाय नगरपालिकांच्या हाती आहे. शहरातील पालिका शाळांच्या इमारती शनिवारी दुपारनंतर व रविवारी दिवसभर बहुतांशी रिकाम्या पडून असतात. तळमजल्यावरच्या खोल्या, पटांगण, पाण्याची टाकी, दोन-तीन दारे, हे सारे करदात्यांच्या पैशातून उभे राहिलेले आहे. दोन तासांसाठी अल्प भाडे, परत मिळणारी अनामत, ध्वनिवर्धकाला बंदी आणि पानांची कोणतीही हमी नाही, एवढ्या अटींवर ती जागा पालकांना देता येईल. नासधूस होईल, शिपायाला जादा काम पडेल, जबाबदारी कोणाची, असे आक्षेप निघतील. नासधुशीला अनामत आहे, शिपायाला भाड्यातूनच जादा कामाचा मोबदला देता येईल, आणि जबाबदारीचे म्हणाल तर हीच इमारत निवडणुकीच्या दिवशी हजारो मतदारांसाठी उघडली जाते.